पदव्युत्तर विधिशिक्षण : नावाचा मोह आणि पदरचा पैसा

दरवर्षी एल्एल्. बी. चे निकाल लागले की आमच्या महागाव तालुक्यातील खेड्यापाड्यांतून काही पालक मजकडे येतात. प्रश्न बहुधा एकच असतो. “वकीलसाहेब, पोरगी वकील झाली. आता एल्एल्. एम्. कोठून करावे? एक एकर विकले तर मोठ्या कॉलेजात जमेल काय?” ज्या घरातील आजोबांनी सालदारकीच्या कागदावर अंगठा उठविला, त्या घरातील नात पदव्युत्तर शिक्षणाची भाषा बोलते, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु एकर विकण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार होणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट हेतूची. वकिलीची सनद मिळण्यास एल्एल्. एम्. लागत नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसही एल्एल्. बी. पुरते, मात्र तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ च्या निकालाने पुन्हा घातली आहे. कायद्याचे प्राध्यापक व्हावयाचे असेल, संशोधन करावयाचे असेल, किंवा एखाद्या शाखेत खोल उतरावयाचे असेल, तर ही पदवी हवीच. ज्याला यांपैकी काहीच करावयाचे नाही, त्याने केवळ पाटीवर अक्षरे वाढविण्यासाठी बापाची जमीन विकू नये.

दुसरी गोष्ट खर्चाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली मार्गदर्शक तत्त्वे ठरवून एक वर्षाच्या एल्एल्. एम्. ला वाट करून दिली. नागपूर, मुंबई व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ‘क्लॅट’ या सामाईक परीक्षेतून प्रवेश मिळतो. जुन्या विद्यापीठांत बहुधा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो व फी पुष्कळ कमी असते. म्हणून तो स्वस्तच, असे लोक धरून चालतात. हिशेब करून पाहा. समजा, एका ठिकाणी एका वर्षाची फी दीड लाख आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षांची मिळून चाळीस हजार. शहरात खोली व खानावळीस महिना सात हजार लागतात. पहिल्या ठिकाणचा खर्च २ लाख ३४ हजार होतो, दुसऱ्या ठिकाणचा २ लाख ८ हजार. तफावत अवघी सव्वीस हजारांची! शिवाय एक वर्ष आधी मोकळा झालेला मुलगा त्या वर्षात चार पैसे मिळवील. उलट, वसतिगृहात जागा मिळाली तर दोन वर्षांचाच अभ्यासक्रम कितीतरी स्वस्त पडेल. तात्पर्य, फीच्या आकड्याकडे पाहू नका. पदवी हाती पडेपर्यंतचा सारा खर्च मांडा.

तिसरी गोष्ट गुणवत्तेची. येथे मी स्वतः फसलो आहे. वकिली सुरू केल्यावर मी एका संस्थेत नाव घातले. इमारत भव्य, माहितीपत्रक गुळगुळीत. परंतु तास क्वचित होत आणि ग्रंथालय पाचाच्या ठोक्याला बंद होई. प्रबंधाच्या वेळी तर मार्गदर्शकच उरला नाही. ती पदवी अर्धीच राहिली आणि भरलेली फी परत आली नाही. म्हणून सांगतो, एक दिवस मोडून, एस्. टी. चे तिकीट काढून, संस्था डोळ्यांनी पाहून या. कायम नेमणुकीचे अध्यापक किती? ग्रंथालय केव्हापर्यंत उघडे असते? मागील विद्यार्थ्यांचे प्रबंध कपाटात आहेत काय? गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. खरे उत्तर तेथे मिळते. घरबसल्या पदवी देणाऱ्यांपासून तर विशेष सावध राहा. पूर्वमान्यतेवाचून चालणाऱ्या ऑनलाइन व दूरस्थ एल्एल्. एम्. विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२५ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्राने १९६० पासून बौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत समाविष्ट केले. धम्म स्वीकारल्याने हक्क जात नाही. परंतु दाखला अपुरा असला तर हक्क असूनही हाती काही येत नाही. शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ एवढीच नोंद असलेली कितीतरी मुले ऐन प्रवेशाच्या वेळी अडतात. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल, आजच शोधा आणि जात वैधता प्रमाणपत्र आधी मिळवा. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फीचा भार उतरतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेतून नागपूर-पुण्यासारख्या शहरी वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणाऱ्यास मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि शासनाचा पैसा वेळेवर पडेलच असे धरू नका. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरात हवी.

पैसा संपला की शिक्षण थांबते, या नियमातून बाबासाहेबही सुटले नाहीत. बडोद्याची शिष्यवृत्ती संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. पदरात पडली. त्यांची जिद्द आपण नित्य सांगतो. तिच्यामागचा काटेकोर हिशेब मात्र विसरतो.

त्या पालकांना मी शेवटी एवढेच सांगितले : एकर राहू द्या. मुलीला आधी वैधता प्रमाणपत्र काढू द्या, ‘क्लॅट’ला बसू द्या आणि नागपूरची दोन ग्रंथालये पाहून येऊ द्या. मग ती जे नाव घेईल, तेथे तिला पाठवा. वकील झालेल्या मुलीचा हा पहिला खटला आहे. तो तिलाच चालवू द्यावा.