खुर्ची हलकी हवी, की गुडघ्याच्या मापाची?

पावसाने उघडीप दिली की यवतमाळातून दुचाक्या निघतात. कोणी सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला उमरखेडच्या दिशेने, कोणी टिपेश्वरच्या वाटेने पांढरकवड्याकडे. दिवाळीत पुण्याहून मोटारसायकलने थेट गाव गाठणारी पोरेही कमी नाहीत. अलीकडे यातल्या काही गाड्यांवर तंबूच्या पिशवीशेजारी हातभर लांबीची एक वळकटी बांधलेली दिसते. नळ्या जोडल्या, त्यावर कापड ताणले की दोन मिनिटांत तिची खुर्ची होते. ती विकत घेताना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात : वजन किती आणि घडी केवढी? माझ्या मते हे प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न पाठीचा आणि गुडघ्यांचा आहे.

मुळात मोटारसायकलवर खुर्ची कशाला, असे कोणी म्हणेल. सतरंजी अंथरली की झाले! धडधाकट माणसाला कोरड्या, मोकळ्या जागी सतरंजी पुरते, हे खरेच. पण तीन-चार तास गाडी चालवून उतरलेले शरीर वेगळ्या अवस्थेत असते. इंजिनाचे आणि रस्त्याचे हादरे सतत सोसताना कंबरेचे स्नायू आखडलेले असतात, गुडघे एकाच कोनात अडकलेले असतात. अशा वेळी मांडी घालून वाकून बसले तर पाठीला विश्रांती मिळत नाही. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतही तशी मोजणी झाली. बसणे उभे राहण्यापेक्षा किती वाईट, याबद्दल दोन्ही मोजण्यांत फरक आहे. पण पुढे वाकले की दाब वाढतो आणि पाठ मागे टेकवली की तो कमी होतो, यावर त्यांचे एकमत आहे. म्हणजे विश्रांती मिळते ती मागे रेलायला आधार असल्यामुळे. खुर्चीचे खरे काम तेवढेच आहे.

आणि नेमके इथेच हलक्या खुर्च्या कमी पडतात. किलोभर वजनाच्या खुर्चीची बैठक बहुतेकदा जमिनीपासून ३० ते ३५ सेंटिमीटर उंच असते, आणि कापड झोळीसारखे खाली जाते ते वेगळेच. गुडघ्यामागच्या वळणापासून तळव्यापर्यंतचे अंतर बहुतेक प्रौढांमध्ये साधारण ३८ ते ४५ सेंटिमीटर असते. म्हणजे बसल्यावर गुडघे वर, कंबर खाली आणि पाठीची कमान उलटी. उठताना तर सगळा भार गुडघ्यांवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. पंचविशीत हे जाणवत नाही. पंचेचाळिशीनंतर, किंवा गुडघेदुखी, सायटिका असेल तर चांगलेच जाणवते.

म्हणून घरूनच गुडघ्यामागच्या वळणापासून जमिनीपर्यंतचे माप घेऊन जा. दुकानात खुर्ची नुसती हातात तोलून पाहू नका. तिच्यात वीस मिनिटे बसा. समोरची कड मांडीखाली रुतते का, पाठीचा आधार खांद्याच्या पात्यांपर्यंत येतो का, ते पाहा. मग दोन्ही हात छातीशी बांधून तीन वेळा उठा. नाही जमले, तर ती खुर्ची कितीही हलकी असली तरी तुमची नाही. उंच पायांची खुर्ची अर्धा-एक किलो जड पडते. दीडशे किलोंच्या गाडीला त्याचे काही वाटत नाही, गुडघ्यांना वाटते.

दुसरी बाब ताकदीची. खुर्चीवर लिहिलेली वजनमर्यादा सावकाश बसणाऱ्या माणसासाठी असते. थकून धपकन अंग टाकले की तेच वजन क्षणभर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जोर लावते. अचानक आलेल्या भाराचा हा साधा नियम आहे. ८० किलोच्या माणसाने १०० किलोची खुर्ची घेणे म्हणजे जोखीमच. १२० किंवा त्याहून जास्त मर्यादेची घ्यावी. नळ्या ॲल्युमिनियमच्या असतील तर वजन पोलादाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे, पण पुन्हापुन्हा वाकणे-ताणणे ॲल्युमिनियमला पोलादाइतके सोसत नाही. सांध्यापाशी चीर दिसली की ती खुर्ची बाद समजावी. कापडही उन्हाने विरते. वर्षभर गच्चीवर पडलेली खुर्ची प्रवासाला नेऊ नये.

तिसरी बाब आपल्या मातीची. थोडा हिशेब करू. ७० किलोचा माणूस अडीच सेंटिमीटर व्यासाच्या चार पायांवर बसला, तर चारही पायांचे मिळून क्षेत्रफळ भरते जेमतेम २० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो भार. तोच माणूस बूट घालून उभा राहिला तर हा भार याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. यवतमाळच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माणसाचा पाय रुततो, तिथे खुर्चीचे काय होणार? आणि मागे रेलल्यावर मागचे दोन पाय आधी खचतात. माणूस उताणा पडतो तो त्यामुळे. उन्हाळ्यात याच जमिनीला भेगा पडतात आणि एखादा पाय नेमका भेगेत जातो. उपाय स्वस्त आहे : जुन्या टेनिस चेंडूंना चीर देऊन चारही पायांना बसवावे, किंवा पायांखाली प्लायवूडचा तुकडा ठेवावा. मुरमाड जमीन मिळाली तर उत्तमच.

चौथी बाब खुर्ची गाडीवर बांधण्याची, आणि ही जिवाशी गाठ आहे. खुर्चीची वळकटी पाठीवरच्या सॅकमध्ये कधीही घेऊ नये. गाडी घसरून माणूस पाठीवर पडला तर त्या नळ्या आणि मणका यांच्यामध्ये फक्त कापड असते. छत्रीसारखी मिटणारी जुन्या पद्धतीची लांब खुर्ची आडवी बांधली तर ती हँडलच्या रुंदीबाहेर जाते आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकला किंवा बैलबंडीला अडकते. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या फार मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी हाताला लागत नाही. म्हणून घडी आखूड हवी, ती सॅडलबॅगमध्ये किंवा सीटवर पुढे सरकवून बांधायला हवी, आणि सायलेन्सरपासून लांब. घडीचा आकार महत्त्वाचा आहे तो या कारणासाठी.

पण खुर्ची कितीही चांगली निवडली तरी ती मांडायची कुठे, हे चुकले तर सगळे व्यर्थ. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काही दगावलेही. गवता-झुडपांत असणाऱ्या बारीक किड्याच्या अळ्या चावल्याने हा आजार होतो. गवतावर थेट बसणे-लोळणे यात धोका जास्त. खुर्चीने तो कमी होतो, संपत नाही, कारण पाय आणि बॅग गवतातच असतात. म्हणून बूट काढू नयेत, जागा मोकळी निवडावी. प्रवासानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आली, अंगावर काळ्या खपलीचा व्रण दिसला, तर डॉक्टरांना गवतात बसल्याचे आवर्जून सांगावे. वेळेत निदान झाले तर साध्या औषधाने हा आजार बरा होतो.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो आजारी पडले. औषध श्वासातून जाते तसेच कातडीतूनही जाते. शेजारच्या पऱ्हाटीत पंप चालू असेल किंवा औषधाचा वास येत असेल, तर तिथल्या धुऱ्यावर कितीही गार सावली असो, खुर्ची मांडू नये. टिपेश्वरच्या बाजूला जंगलालगतच्या रस्त्यावर, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, निवांत बसायचा मोह टाळावा. वाघाचा तो वावर आहे. आणि कुठेही बसलात तरी घडी घालण्याआधी खुर्ची उलटी करून झटकावी. विंचवाला सावली आपल्याइतकीच आवडते.

शेवटी, खुर्ची आहे म्हणून उतरल्या उतरल्या तिच्यात बसू नये. आपण तासन्‌तास बसूनच आलेलो असतो. आधी पाच मिनिटे चालावे, पोटऱ्या हलल्या की पायांत साकळलेले रक्त वर सरकते. मग पाणी प्यावे, कारण गाडीवरच्या वाऱ्यात घाम जागच्या जागी वाळतो आणि शरीरातले पाणी घटल्याचे कळत नाही. नंतर दहा मिनिटे पाठ टेकवावी. दर दीड तासाला एवढे केले तर यवतमाळ ते उमरखेड काय, पुण्यापर्यंतची वाटही शरीर सोसते. डुलकी येऊ लागली तर मात्र खुर्ची पुरत नाही. तिथे ढाब्यावरची बाज गाठून अर्धा तास झोपावे.

ज्याच्या वाटेवर ढाबे आहेत, झाडे आहेत, त्याने खुर्ची नाही घेतली तरी काही बिघडत नाही. ज्याला घ्यायची आहे त्याने एक पथ्य पाळावे : जी खुर्ची काढायला, मांडायला आणि परत बांधायला पाच मिनिटांहून जास्त लागतात, ती घेऊ नये. कंटाळा करून आपण ती काढणारच नाही, आणि थांबायचेही टाळू. महाग खुर्ची गाडीला बांधून न थांबता तीनशे किलोमीटर मारणाऱ्यापेक्षा, दर दीड तासाला निंबाखालच्या ओट्यावर टेकणारा जास्त शहाणा.