विसरण्याची मुभा, लिहिण्याची जबाबदारी

रमजानमध्ये एखाद्या दुपारी रोजेदाराचा हात सवयीने माठाकडे जातो. दोन घोट घशाखाली उतरतात आणि मग आठवते, आज रोजा आहे! आता काय करायचे? उत्तर सोपे आहे. विसरून खाल्ले-प्यायले तर रोजा तुटत नाही. आठवण होताच थांबायचे आणि रोजा पूर्ण करायचा. अशा माणसाला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते.

विसरण्याकडे इतक्या मायेने पाहणाऱ्या याच महिन्यात आठवणीचाही मोठा सोहळा असतो. रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज तोंडपाठ कुरआन म्हणतात. हाफिज या शब्दाचा अर्थच जपणारा. म्हणजे काही गोष्टी अक्षर न अक्षर जपायच्या आणि काही सहज सुटू द्यायच्या, हे दोन्ही एकाच महिन्यात शिकायला मिळते.

आपल्या खिशातल्या फोनला मात्र हा फरक कळत नाही. तो सगळेच जपतो. पूर्वी लक्षात ठेवायला कष्ट पडत आणि विसरणे फुकट होते. आता उलटे झाले आहे. व्हिक्टर मायर-शोनबर्गर या अभ्यासकाने २००९ साली ‘डिलीट’ नावाच्या पुस्तकात हेच मांडले होते. पुढे २०१५ पासून फेसबुक ‘याच दिवशी, इतक्या वर्षांपूर्वी’ म्हणून जुने फोटो आपणहून समोर आणू लागले.

महाडच्या बाजारपेठेतला एखादा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातला माल गेला, घरातले लग्नाचे अल्बम आणि जुन्या चोपड्या चिखलात गेल्या. उरले ते फोनमधले चिखलाचे फोटो. आता दर जुलैत, गिऱ्हाईक समोर उभे असताना, फोन तेच फोटो सजवून दाखवतो. फोनला तारीख कळते, जखम कळत नाही.

म्हणूनच काही जण आता फोनमध्ये वेगळ्या प्रकारची रोजनिशी ठेवतात. फोटो नाहीत, दिवसाला एकच ओळ. ‘आज अम्मीला बरे वाटले.’ ‘आज सावित्रीला पाणी फार होते.’ एवढेच. काही जण वर्षाखेरीस त्यातल्याही बऱ्याच ओळी पुसून टाकतात. व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०२० पासून सात दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश पाठवता येतात. घरातल्या मोठ्यांना हे खटकते. आठवण पुसायची म्हणजे नाते पुसायचे का, असे त्यांना वाटते.

पण आपल्या वाडवडिलांनीही दुःखाला हद्द घालूनच दिली होती. मुसलमान घरात सुतकाचे दिवस तीन, आणि विधवेची इद्दत साधारणतः चार महिने दहा दिवस. शेजारच्या हिंदू घरात दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. त्यानंतर माणसाने शेतावर जावे, दुकान उघडावे, मुलांना शाळेत पाठवावे, अशीच अपेक्षा असते. दुःख पुसट होण्यात गेलेल्याशी बेइमानी नाही. ते रोज ताजे राहिले असते तर कोणालाच जगता आले नसते. तेव्हा एका ओळीची रोजनिशी ठेवून बाकीचे काळाच्या हवाली करणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत.

मात्र इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. विसरण्याची ही मुभा कोणाला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तेच संकट कोसळले. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच पाहिले होते. यात ज्यांची माणसे गेली, त्यांना ती रात्र विसरता आली तर अल्लाहची मेहरबानीच म्हणायची. पण ज्यांच्यावर पूल तपासण्याची, इमारत नीट बांधण्याची, डोंगराकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी असते, त्यांनाही तीच मुभा द्यायची का?

कुरआनमधली सर्वात मोठी आयत कशाविषयी आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. ती उधारीच्या लिखापढीविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवायला कंटाळू नका, असे ती बजावते. त्यातली एक बारीक अट महत्त्वाची आहे. मजकूर सांगायचा तो ऋणकोने, म्हणजे ज्याच्यावर देणे आहे त्याने. धनकोला मात्र त्याच्या दोन आयती आधी सांगितले आहे की अडचणीत असलेल्याला मुदत द्या, आणि माफ केले तर अधिक चांगले. सोडून देण्याचा हक्क घेणे असणाऱ्याचा. देणे असणाऱ्याने लिहायचे.

महाडला हा धडा नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ते पाणी प्यायले गेले ही गोष्टच पुसण्याचा तो प्रयत्न होता. खटला १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. ‘झाले गेले विसरा’ असे अन्याय करणाऱ्याने म्हणायचे नसते.

म्हणून वह्या दोन हव्यात. गावाची वही जाड असावी. पाणी कुठवर चढले, डोंगराला भेग आधी कोणी पाहिली, कळवल्यावर काय झाले, गेलेल्यांची नावे, सारे ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत नोंदलेले असावे. मनाची वही मात्र एका ओळीचीच पुरे.

आणि हा हिशेब रमजानमध्ये आपल्यालाही लागू होतो. पुरानंतर महाडच्या मदतीला सगळ्या धर्मांची माणसे आली. ज्यांच्या घरातला चिखल दुसऱ्याने उपसला, त्यांनी ते लिहून ठेवावे. ज्यांनी उपसला, त्यांनी विसरावे. ‘नेकी कर, दरिया में डाल’ म्हणतात ते यासाठीच. पण आज रमजानचे शिधा-किट वाटताना आपण काय करतो? देणारे चौघे हसत उभे, मध्ये मान खाली घातलेली एखादी विधवा, आणि तो फोटो ग्रुपवर. तिचे दिवस उद्या पालटतील, पण तो फोटो तिच्या मुलालाही कधीतरी सापडेल. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण असलेल्या महिन्यात ते गावभर कळवले जाते.

या रमजानमध्ये एवढे तरी करता येईल. इफ्तार आटोपून तरावीहला निघण्याआधी फोन उघडावा आणि गेल्या वर्षीच्या वाटपाचे असले फोटो पुसून टाकावेत. मग त्या दिवसाची एक ओळ लिहावी. आपण कोणाला काय दिले, ते त्यात नको. आपल्याला कोणी काय दिले, तेवढेच असावे.