जहाज सुटलें, खलाशाचें काय ?

माल बंदरास सुखरूप लागला म्हणजे समुद्र निर्धास्त झाला, अशी समजूत आमच्या व्यापारी मंडळींत रूढ आहे. ती पुरी खरी नाहीं, हें सांगणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

१६ मार्च २०२४ रोजीं आमच्या आरमारानें 'रुएन' हें जहाज सोमाली चांच्यांच्या हातून सोडविलें. किनाऱ्यापासून सुमारें २६०० किलोमीटरवर झालेल्या या कामगिरींत १७ खलाशी सुटले व ३५ चांचे शरण आले. पुढें त्यांस मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यांत आलें. आरमाराची जितकी स्तुति करावी तितकी थोडीच आहे.

परंतु चांचा पकडणें निराळें व त्यास शासन होणें निराळें. १९९९ सालीं 'अलोंड्रा रेनबो' जहाज लुटणारे चांचे असेच मुंबईस आणले होते. २००३ सालीं सेशन्स कोर्टानें त्यांस शिक्षा दिली आणि २००५ सालीं ते हायकोर्टांतून सुटले. चांचेगिरीस स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदाच त्या वेळीं आमच्याकडे नव्हता. तो पार्लमेंटानें २०२२ सालीं केला व २०२३ पासून तो अमलांत आला. सुधारणा उशिरां झाली, पण झाली.

आतां खलाशाकडे पाहूं. 'अस्फाल्ट व्हेंचर' जहाज चांच्यांनीं सप्टेंबर २०१० मध्यें धरलें. एप्रिल २०११ मध्यें खंडणी पोंचली, जहाज सुटलें. मात्र आपले साथीदार हिंदी आरमाराच्या कैदेंत आहेत या सबबीवर चांच्यांनीं सात हिंदी खलाशी ठेवून घेतले. ते घरीं परतावयास ऑक्टोबर २०१४ उजाडला. म्हणजे जहाज सुटल्यावरही माणसें साडेतीन वर्षें अडकलीं !

चांच्यास निदान पैसा हवा असतो, म्हणून तो ओलिसास जिवंत ठेवतो. दहशतवाद्यांच्या क्षेपणास्त्रास तेवढीही गरज नाहीं. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनीं तांबड्या समुद्रांत व एडनच्या आखातांत जहाजांवर हल्ले सुरू केले. ६ मार्च २०२४ रोजीं 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी ठार झाले. पुष्कळ कंपन्यांनीं सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेस वळसा घातला, तेव्हां भाडें व विमा वाढल्याची ओरड पेठेंत झाली. ती ओरड रास्त होती; पण मेलेल्या खलाशांसाठीं त्या पेठेंत कोणी हळहळलें काय ?

कोणी म्हणेल, खलाशास पगार मिळतो, जोखीम त्यानें जाणूनच पत्करलेली असते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. जोखमीची पुरी कल्पना देऊन घेतलेली संमति हीच खरी संमति होय. धोक्याच्या मार्गानें जाण्यास नकार देण्याचा हक्क कांहीं करारांत खलाशास मिळाला आहे. तो सर्वांस मिळाला पाहिजे. ओलीस असतांना पगार चालू ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर २०२० पासून लागू आहे. पण बिनपरवाना दलालाच्या मार्फत भलत्याच निशाणाच्या जहाजावर चढलेल्या कोंकणांतल्या पोरास तो नियम कोण मिळवून देणार ? सरकारनें असे दलाल निर्दयपणें मोडून काढावे, चांच्यांचे खटले त्वरेनें चालवावे, आणि ओलिसांच्या कुटुंबांस दारोदार फिरावें लागूं नये अशी कायमची व्यवस्था करावी.

व्यापाऱ्यांनाही आमचें सांगणें आहे. स्वस्त भाड्याचें जहाज ठरवितांना तें कोणत्या निशाणाचें, त्यावरील माणसांस करार काय व विमा किती, हें विचारीत जा. गिऱ्हाईक विचारूं लागलें कीं मालक सुधारतो, हें पेढीवर बसणाऱ्यास आम्हीं शिकवावयास नको. मालाचा विमा उतरतां येतो व बुडालेल्या मालाची भरपाई मिळते. बुडालेल्या माणसाची भरपाई कोणत्याही पेढीवर होत नाहीं.