‘हे दिवाणी मॅटर आहे’ हे ठाणे अंमलदाराने ठरवायचे?

गावातला माणूस ठाण्यात जातो. शेजाऱ्याने बांध कोरला, अडवायला गेलेल्या बायकोला चारचौघांत जातीवरून शिव्या दिल्या, मारहाण केली, असे सांगतो. ठाणे अंमलदार बांधाचे तेवढे ऐकतो आणि म्हणतो, “हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” फारच आग्रह धरला तर एनसीचा कागद देतो. माणूस आम्हाला येऊन सांगतो, “केस केली.” केस झालेलीच नसते! एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपाससुद्धा करू शकत नाहीत.

दोष फक्त पोलिसांचा नाही. आमच्यातही मोर्चाला पोरं जमतात, फिर्याद लिहायला कोणी बसत नाही.

दिवाणी दावा दोन पक्षांतला असतो. हक्क कोणाचा, ताबा कोणाचा, हा प्रश्न. दावा लावतो तो वादी, समोरचा प्रतिवादी. जिंकलात तर हुकूमनामा, मनाई हुकूम किंवा भरपाई मिळते. अन्याय करणारा तुरुंगात जात नाही. फौजदारीत आपण फिर्यादी, समोर आरोपी आणि खटला चालवते सरकार. दिवाणीत कोणाचे म्हणणे जास्त संभवनीय एवढे पाहतात. फौजदारीत वाजवी संशय उरता कामा नये.

पण एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात, आणि इथेच आपली फसवणूक होते. महाड आठवा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. ती फौजदारी बाब होती आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सनातन्यांनी तळे खासगी असल्याचे सांगत दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तळ्याचा वाद दिवाणी होता म्हणून मारहाण दिवाणी झाली नाही.

आज तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ नुसार अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे, त्याला तिथून हुसकावणे हाच गुन्हा आहे. कलम १८अ म्हणते, एफआयआर नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. (नावाने फसू नका: १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदाही फौजदारीच आहे.)

मात्र बांधाचे प्रत्येक भांडण ॲट्रॉसिटी नसते. समोरचा अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावरून जमिनीचा वाद या कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणून फिर्यादीत नेमके शब्द लिहा. कोणती शिवी, कुठे दिली, कोणी ऐकली. “जातीवाचक बोलले” एवढ्याने आरोपी सुटतो.

तरीही एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, पोच ठेवा, मग दंडाधिकाऱ्याकडे जा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख दिसला की ठाण्यातला सूर बदलतो, हे आम्ही पाहिले आहे.

जयभीम!