अग्निबाणाचा प्रकल्प पुलगावात संपतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पिनाका अग्निबाण प्रणालीसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यातल्या दारूगोळ्याच्या दोन पुरवठादारांपैकी एक आपल्या नागपूरचा. विदर्भातल्या आयटीआयच्या मुलांना त्यातून कामं मिळतील, याचा मला आनंदच आहे. पण अग्निबाणांच्या इंधन विभागात प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळत मी निवृत्त झालो आणि आता देवळीला राहतो. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्याच तालुक्यात. त्यामुळे अशी बातमी वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो शेवटचा: हा माल मुदत संपल्यावर मोडणार कोण?

आमच्या तक्त्यांत शेवटची ओळ ‘माल सुपूर्द’ अशी असायची. तिथे बिल निघायचं, फाइल बंद व्हायची. तिथवर पोचायची घाई किती, ते मार्चअखेरीला कळतं. घन इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखं बंधक. हे मिश्रण निर्वातात मोटरीच्या नळीत ओततात आणि मंद उष्णतेत कित्येक दिवस घट्ट होऊ देतात. एका साहेबांनी मला विचारलं होतं, “भट्टी थोडी वाढवून दोन दिवस वाचवता येतील का?” वाचतीलही. पण जास्त तापमानाला घट्ट झालेलं इंधन थंड होताना जास्त ताणलं जातं, त्याला तडा जातो किंवा ते नळीपासून सुटतं. तडा गेला की जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो आणि मोटर फुटते. म्हणून इंधन घट्ट होण्याच्या, एक्स-रेच्या आणि मोटर जागेवर बांधून पेटवायच्या स्टॅटिक टेस्टच्या ठरलेल्या दिवसांना कात्री लावायची नसते.

कारखान्यात निदान नियमांचं कुंपण असतं. प्रत्येक इमारतीत माणसं किती आणि स्फोटक किती, याची मर्यादा दारावर लिहिलेली असते. दोन इमारतींमध्ये मातीचे बांध असतात. एवढं असूनही अपघात होतात. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत किमान आठ कामगार गेले. मग सुपूर्द झालेल्या मालाकडे कोणी पाहायचं?

३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या डेपोत आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी असे किमान १६ जण मेले, आसपासची गावं रातोरात रिकामी झाली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटीकडे चौकशीने बोट दाखवलं. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच डेपोच्या परिसरातल्या सोनेगाव (आबाजी) जवळ मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. कारखान्यात हाच माल हाताळायला प्रशिक्षण लागतं. तो जुना आणि बेभरवशाचा झाल्यावर रोजंदारीवरचा शेतमजूर चालतो, हे कुठलं गणित?

नव्या करारातल्या एका अग्निबाणात तर छोटे बॉम्ब भरलेले असतात. तो मोडणं आणखी जिकिरीचं. म्हणून तो सुरक्षित उघडायचा कसा, हे आरेखन मंजूर होतानाच करून दाखवायला हवं. साठ्यातल्या प्रत्येक लॉटची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि तिचा खर्च करारातच असावा. विल्हेवाटीचं काम प्रशिक्षित, कायम, विमा असलेल्या कामगारांकडे द्यावं आणि तिथेही माणसांची मर्यादा कारखान्याइतकीच कडक असावी.

यामुळे अग्निबाण महाग होतील, असं कोणी म्हणेल. ते आजही महागच आहेत. फक्त फरकाची रक्कम सोनेगावची घरं भरतात. पुढच्या कराराच्या तक्त्यात शेवटची ओळ ‘विल्हेवाट पूर्ण’ अशी असू द्या आणि तिचे पैसे सहीच्या दिवशीच बाजूला काढून ठेवा.