मॅकबेथचा मुकुट आणि आपले पावतीपुस्तक



गेल्या भीमजयंतीला आंबेगाव तालुक्यातील एका छोट्या वस्तीत दोन मिरवणुका निघाल्या. गट दोन, पावतीपुस्तके दोन, बॅन्जोही दोन. एका म्हाताऱ्या मावशींनी विचारले, "का रं पोरांनो, बाबासाहेब दोन झालं का?" कुणालाच उत्तर देता आले नाही. त्यातले एक पावतीपुस्तक आमच्याच हातात होते, म्हणून हे लिहिणे आले.

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' नाटक वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने मराठीत आणले. मॅकबेथ हा शूर सेनापती. तीन चेटकिणी त्याला सांगतात, तू राजा होणार. तृष्णा मनात होतीच, चेटकिणींनी फुंकर घातली आणि बायकोने भर घातली. घरी पाहुणा आलेल्या राजाला त्याने झोपेत मारले. मुकुट मिळाला, पण झोप गेली. मुकुट टिकवण्यासाठी मित्राला मारले, निरपराध बायका-मुले मारली. अखेर राज्य गेले आणि डोकेही गेले.

मग महत्त्वाकांक्षा वाईटच का? मुळीच नाही. शासनकर्ती जमात व्हा, असे बाबासाहेबांनीच आपल्याला सांगितले. ते स्वतः १९४७ साली कायदामंत्री झाले. पण स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मॅकबेथला मुकुट सोडता आला नाही, बाबासाहेबांना खुर्ची सोडता आली. कारण त्यांना ती स्वतःसाठी नकोच होती.

आता आपल्याकडे पाहू. १९९८ साली रिपब्लिकन ऐक्य झाले आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले असे चार खासदार निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून! पण १९९९ च्या निवडणुकीपर्यंत ऐक्य मोडले आणि चाराचे दोन झाले. यांपैकी कुणी मॅकबेथ होते, असे आम्ही म्हणणार नाही. चौघांच्याही मागे चळवळीतील कष्ट आहेत. प्रश्न वेगळाच आहे. पुढाऱ्यांच्या कानाशी लागणाऱ्या चेटकिणी कोण? 'भावी आमदार' असे बोर्ड चौकात कोण लावतो? "साहेब, तुमच्याशिवाय आहेच कोण?" असे कोण म्हणतो? आपण कार्यकर्तेच!

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. नहपान राजाचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याची त्यात नोंद आहे. त्याच नहपानाच्या नाण्यांवर पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला. राजाचा चेहरा असा पुसला गेला, पण पाण्याचे दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचेही दान आहे. त्या सगळ्यांनी मिळून सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. एवढ्या लोकांत मतभेद नसतील काय? पण दान एकच!

येत्या जयंतीला आमच्याकडचे पावतीपुस्तक आम्ही दुसऱ्या गटाच्या हाती देणार आहोत. अध्यक्ष कोणीही होवो. त्या मावशींना मिरवणूक मात्र एकच दिसली पाहिजे.

जयभीम!