सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल, पुठ्ठ्याची कार्डं तर आहेत ना!



अकरावी-बारावीला संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांकडून एक वाक्य बरेचदा ऐकू येतं : "लॅबमध्ये क्लासचं चित्र काढता येईल असं सॉफ्टवेअर आलं, की ऑब्जेक्ट ओरिएंटेड नीट शिकवता येईल." अपेक्षा रास्त आहे. पण मुलांना बारावीचं वर्ष एकदाच मिळतं. ते वाट बघण्यात घालवायचं का?

आधी ही मागणी का होते ते पाहू. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरला गेलेला टर्बो सी प्लस प्लस १९९० सालचा. निळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. प्रोग्राममध्ये चार क्लास आले, की कोण कोणावर अवलंबून आहे हे मुलांना दिसतच नाही. मग मुलं काय करतात? पाठ करतात! १९९७ मध्ये यूएमएल ही आकृत्यांची भाषा प्रमाण ठरली. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ मध्ये तर चौकट काढली की कोड तयार आणि कोड बदलला की चौकट बदलते, अशी सोय आली. पण त्यातही सी प्लस प्लसवाले थांबलेच. २००८ मध्ये त्यांना चित्र मिळालं, तेही फक्त बघण्यापुरतं. म्हणजे ही वाट बघणं काही आपल्या गावच्या लॅबपुरतं नाही.

आता मला सांगा, चित्र काढायचं साधन आलं तर विचार कोण करणार?

आपल्या शेगावचंच उदाहरण घ्या. यात्रेकरूंसाठी भक्तनिवास असतं, हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. वर्गाला सांगा, "याचा प्रोग्राम करायचाय, क्लास कोणते?" मुलं लगेच म्हणतील : खोली आणि यात्रेकरू. मग विचारा, "मुक्कामाची तारीख कुठे लिहायची?" कोणी म्हणेल खोलीत. पण त्या खोलीत उद्या दुसरा यात्रेकरू येणार आहे. कोणी म्हणेल यात्रेकरूकडे. पण तो प्रकटदिनाला येईल आणि पुढे ऋषिपंचमीला पुन्हा येईल. थोडी वादावादी झाली की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, नोंदणी हा वेगळाच क्लास पाहिजे!" झालं. इथे क्लास डिझाईन शिकवून झालं. ही तिसरी चौकट नुसतं चित्र काढणारं सॉफ्टवेअर आपणहून सुचवत नाही. ते फक्त सुचलेली चौकट नीटनेटकी काढून देतं.

ही पद्धत काही जुगाड नाही. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी शिकवण्यासाठी साधी कार्डं वापरायची रीत मांडली. एका कार्डावर एक क्लास. वर त्याचं नाव, डावीकडे त्याची कामं, उजवीकडे तो ज्यांची मदत घेतो ते क्लास. प्रत्येक मुलाच्या हातात एक कार्ड द्या आणि खोलीची नोंदणी नाटकासारखी करून घ्या. एकाच मुलाला सारखं बोलावं लागत असेल, तर त्या क्लासवर कामाचा बोजा जास्त झालाय. हे मुलांना न सांगता कळतं. खर्च म्हणाल तर पुठ्ठा आणि स्केचपेन.

मग साधन नकोच का? तसं नाही, हवंच. आणि ते मोफत मिळतं. जावासाठी १९९९ पासून ब्लूजे आहे, खास नवशिक्यांसाठी बनवलेलं. उघडलं की समोर क्लासच्या चौकटी आणि बाण. चौकटीवर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, त्याचं फंक्शन चालवून बघता येतं. अभ्यासक्रमात सी प्लस प्लस असेल, तरी दोन तास ब्लूजेवर दाखवायला काय हरकत आहे? कल्पना तीच, भाषा वेगळी. फक्त क्रम पाळा : आधी चर्चा, मग कार्ड, मग पडदा.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. वहीत चौकटी आणि बाण दिसले तर "कॉम्प्युटरचा अभ्यास सोडून चित्रं काय काढतोस?" म्हणून रागावू नका. उलट विचारा, "ही चौकट वेगळी का केलीस?" तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. मुलाला कारण सांगता आलं, तर त्याला विषय समजला.

नवीन सॉफ्टवेअरची मागणी आपण करत राहूच. तोवर येत्या सोमवारी वर्गात कार्डं घेऊन जा. मुलं तिसरी चौकट शोधतात का, तेवढं बघा.